केळशी ते गुहागर: सात लिटर पाणी पिऊनही सड्यावर बसायची वेळ का आली?

पेडलपुणेकर
गुहागरात आहे, आज सक्तीची विश्रांती. उद्या पहाटे गणपतीपुळ्याकडे निघायचं की चिपळूणहून परत फिरायचं, ते ठरत नाहीये. म्हणून कालचा दिवस जसा घडला तसा लिहिते.

वय ४३. एकटी आहे. सायकल सामानासकट २९ किलो. दिवेआगरहून सागरी रस्त्याने वेंगुर्ल्यापर्यंत जायचं, रोज ८० किमी, असा बेत. एप्रिलचा सराव पुण्यातल्या ३९ अंशांत केला होता आणि इथे फोनवर ३३ दिसत होते, म्हणून निर्धास्त होते.

केळशीहून निघायलाच साडेसात झाले. आडे, आंजर्ले, हर्णै छान गेलं. सुवर्णदुर्ग दिसतो तिथे थोडी थांबले. मुरूड, कर्दे, लाडघरपर्यंतही तक्रार नव्हती. बुरोंडी सोडली आणि दाभोळच्या बाजूचे चढ सुरू झाले. वरंधा किंवा ताम्हिणी घाट एकदा चढलं की संपतं. इथे खाडीपर्यंत उतरायचं आणि लगेच परत सड्यावर, म्हणजे वरच्या खडकाळ पठारावर यायचं, हेच दिवसभर. सगळ्यात हलक्या गिअरवरही वेग ताशी ५ च्या खाली. एवढ्या वेगाला अंगाला वारा लागत नाही. घाम कोपरांवरून नळीवर टपकत होता, वाळत मात्र नव्हता. वर जांभ्याचा उघडा सडा, सावलीला झाड नाही.

तहानेची वाट बघायची नाही असं ऐकलं होतं, म्हणून दर दहा मिनिटांनी पाणी पीत गेले. साडेबारापर्यंत सात लिटर, सगळं साधं. लघवी अगदी स्वच्छ होत होती, त्यामुळे सगळं ठीक चाललंय असंच वाटलं. मग डोकं ठणकायला लागलं, मळमळायला लागलं. हातमोजे आवळायला लागले, अंगठी बोटात रुतली. एका फाट्यावर पाटी होती. ‘दाभोळ’ ही अक्षरं दिसत होती, पण त्यांचं काय करायचं ते सुचत नव्हतं. किती वेळ उभी होते, माहीत नाही.

काजूच्या बागेतून एक आजी आल्या. “बाय, आधी डोक्यावरचं काढ, मग बोल.” त्यांनी मला पडवीत निजवलं, मीठ घातलेली पेज आणि लोणचं दिलं. पैसे घेतले नाहीत. तीन तास तिथे होते, तेवढ्यात तीनदा लघवीला जाऊन आले. संध्याकाळी अंगठी सैल झाली. दाभोळच्या धक्क्यापर्यंत टेम्पोने आले, फेरीबोटीने धोपाव्याला उतरले, तिथून पुढेही टेम्पोच. ते किलोमीटर राहिल्याचं खुपतंय, पण त्याहून ती पाटी डोळ्यांसमोरून जात नाही.

पाणी भरपूर होतं, मग कमी काय पडलं?

डॉ. दोनचाकी
ताई, तपासल्याशिवाय निदान करणार नाही. पण सुजलेली बोटं, स्वच्छ लघवी, डोकेदुखी, मळमळ आणि सात लिटर साधं पाणी हे सगळं एकत्र वाचलं की रक्तातलं सोडियम पातळ झाल्याची दाट शंका येते. लिटरभर घामात साधारण एक ग्रॅम सोडियम जातं, म्हणजे अडीच ग्रॅम मीठ. माणसागणिक कमीजास्त. तुम्ही पाणी भरून काढलंत, मीठ नाही. अशा वेळी आणखी पाणी पिणं घातक ठरतं.

पाटी न उमगणं मला सर्वांत गंभीर वाटतं. बुद्धी गोंधळली, उलट्या किंवा झटका आला तर पडवी नाही, दवाखाना गाठायचा. उष्माघातही तसाच दिसू शकतो. अंग तापलेलं असेल तर नेता नेता पाणी ओतून वारा घालत राहायचं. आज गुहागरात डॉक्टरांना दाखवा, सोडियम तपासता आलं तर तपासून घ्या. त्याआधी निघायचं ठरवू नका.

आणि ३९ विरुद्ध ३३ ही तुलना फसवी आहे. पुण्यात घाम वाळतो म्हणून अंग थंड होतं. किनाऱ्यावर हवाच ओली, घाम नुसता वाहून जातो. या हवेची सवय व्हायला दहा-चौदा दिवस लागतात. तुमचा तिसरा दिवस होता.

तहान लागेल तसं प्या, पण त्यात ओआरएस असू द्या. जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र छापलेलं पाकीट घ्या आणि त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवा. पाकीट नसेल तर लिटरला चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि त्याच चमच्याने सपाट अर्धा चमचा मीठ.

सडेकर
मी वेळणेश्वरचा. आमच्याकडे अकरा ते चार कोणी सड्यावर जात नाही, गुरंसुद्धा सावलीला असतात. जांभा तापला की खालूनही भाजतो. साडेसातला निघालात तिथेच दिवस गेला.

बाजारात आगळ मिळेल. कोकमाचं गोड सरबत वेगळं, आगळ म्हणजे मिठात मुरवलेला कोकमाचा रस. बाटलीत थोडं आगळ, गुळाचा खडा आणि पाणी. आम्ही शेतावर हेच नेतो.

जायचं ठरलं तर पालशेत, वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळ. फेरीबोटीची वेळ आजच विचारून ठेवा. जयगडला उतरल्यावर चढ आहे. तिथे खाली उतरा, सायकल ढकला.

लांबपल्ला
८० चा हिशोब सोडा. कोकणात मी चढ आणि खाड्या मोजतो. सामान घेऊन, वाटेत दोन खाड्या असतील तर दिवसाला ४० किमी पुरे. आजींना परतताना भेटा.

पेडलपुणेकर
डॉक्टर, दुपारी रक्त दिलं. संध्याकाळी सोडियम १३६ आलं, म्हणजे नॉर्मल. इथल्या डॉक्टरांनी आणखी एक दिवस थांबायला सांगितलं, थांबते. मळमळ मी उन्हावर ढकलली होती आणि वर आणखी पाणी प्यायले, हे वाचून अंगावर काटा आला.

पेडलपुणेकर (दोन दिवसांनी)
आज पाच वाजता निघाले. हेदवीला उजाडलेलं होतं, हवा गार. दोन बाटल्या आगळाच्या, एक ओआरएसची. सडेकरदादा, जयगडचा चढ पूर्ण ढकलत चढले, ४० मिनिटं लागली. साडेदहाला सायकल सावलीत लावली, चारला परत निघाले. गणपतीपुळ्यात आहे. अंगठी बोटात फिरतेय. बुरोंडी-दाभोळचा राहिलेला तुकडा डिसेंबरमध्ये करणार आहे, आजींसाठी पुण्याहून काय न्यावं ते सुचवा.