मदत हवी आहे: हाताच्या हाडाला तार की प्लेट? (नागपूर)

नमस्कार मंडळी. लहान भाऊ परवा मानेवाडा रिंग रोडवर गाडीवरून घसरला. उजव्या तळहाताची करंगळीकडची दोन हाडं मोडली, एकाचे तर तीन तुकडे. मूठ वळली की करंगळी शेजारच्या बोटावर चढते, म्हणजे हाड फिरलंय. नुसत्या प्लास्टरनं भागणार नाही.

एक डॉक्टर म्हणतात तारा घालू, ४-६ आठवड्यांनी काढू. दुसरे म्हणतात प्लेट-स्क्रू लावा, बोटं लवकर हलवता येतील. पण त्याला चीर मोठी द्यावी लागते. भाऊ इतवारीत सोनारकाम करतो, सगळं पोट बोटांवरच.

धंतोली-रामदासपेठेत फक्त हाताच्या शस्त्रक्रिया करणारं कोणी आहे का? प्लेट बसवलेल्यांची मूठ पूर्ण वळते का? फिजिओथेरपी किती दिवस लागली? आई हाडवैद्याकडे न्यायचं म्हणते, कसंबसं थांबवलंय. लवकर सांगा.