विषय: ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहराचं ट्रेसी वादळ आणि आर्मी-नेव्ही

नमस्कार मंडळी,
डिसेंबरच्या कार्यक्रमात ट्रेसीवर १५ मिनिटं ठेवलीत हे छान, पण ड्राफ्टमध्ये लिहिलंय की नेव्हीने लोकांना बाहेर काढलं, तेवढं बदला प्लीज. वादळ आलं १९७४ च्या ख्रिसमसच्या पहाटे, वाऱ्याचा जोर मोजणारं यंत्र ताशी २१७ किमीची नोंद करून बंद पडलं, आणि त्याच दिवशी रात्री मेजर जनरल अ‍ॅलन स्ट्रेटन मदतकार्याची सूत्रं घ्यायला विमानाने पोचले. लोकांना हलवणं २६ तारखेपासून महिनाअखेरीपर्यंत झालं, एअर फोर्सची आणि प्रवासी विमानं मिळून, शिवाय बरेच जण गाडीने दक्षिणेकडे निघाले. क्वांटास कंपनीच्या एका जम्बो विमानात ६७० च्या वर माणसं बसवली होती! नेव्हीची पहिली जहाजं ३१ डिसेंबरच्या सुमारास आली, म्हणजे तोवर शहर रिकामं झालं होतं.

---
> म्हणजे तोवर शहर रिकामं झालं होतं
ताई, मग नेव्हीने केलं तरी काय? सुट्टीवर गेलेल्यांना परत बोलावून १३ जहाजं पाठवली ना, ती उगीच का?

---
उगीच कशी, दादा! उलट मला तर तेच काम सगळ्यात मोठं वाटतं, फक्त त्याचे फोटो कोणी लावत नाही. वीज गेलेली, ऐन उन्हाळ्यातली दमट हवा, घराघरातले फ्रीज आणि फ्रीझर मांसासकट तसेच पडलेले, आणि घरमालक तर हजारो किलोमीटर लांब सिडनी-अ‍ॅडलेडला. खलाशी गल्लीगल्लीत जाऊन ते नासलेलं अन्न उपसत होते, पत्रे-लाकडं उचलत होते, उरलेल्या छपरांवर ताडपत्र्या टाकत होते. जवळपास ३ हजार लोक होते म्हणे या कामावर. साथ पसरू नये म्हणून कोणीतरी हे करायलाच हवं होतं, आणि वास सहन करत दिवसभर तेच करायचं याला शिस्त लागते. नेव्हीचंही घर बुडालंच होतं, एचएमएएस अ‍ॅरो ही गस्ती नौका वादळातच बुडाली आणि तिच्यावरचे दोघे गेले. हे दोघे कार्यक्रमात आठवणीने सांगा.

---
मी डार्विनलाच असतो, म्हणून थोडं वेगळं लिहितो. सफाईबद्दल ताई लिहितात ते सगळं खरं, पण शहर रिकामं करण्याचा निर्णय इथे आजही सगळ्यांना पटलेला नाही. ४७ हजारांच्या आसपास वस्ती, पाणी-गटार-वीज काहीच नाही, बहुतेक घरं राहण्याजोगी उरली नाहीत, त्यामुळे १० हजारांच्या वर माणसं सांभाळता येणार नाहीत असा हिशोब होता आणि ३५ हजारांहून जास्त लोक हलवले गेले. त्यात बायका-मुलं आधी, नवरे मागे कामाला, म्हणजे एका घराची दोन शहरं झाली. परत यायचं तर परमिट लागायचं, स्वतःच्याच घरी जायला! नंतरच्या अभ्यासात परत न आलेल्यांचे हाल जास्त झालेले दिसले, ते मला अजिबात आश्चर्याचं वाटत नाही. विमानात बसवणं फार पटकन जमतं हो, पण त्या माणसाला परत कधी आणायचं हे त्याच वेळी ठरवायला हवं, ते कोणी ठरवलं नव्हतं.

---
पटलं. पण त्या आठवड्यात मुलाबाळांना तिथे ठेवलं असतं आणि कॉलरा-टायफॉइड आला असता तर आपणच म्हटलं असतं हलवलं का नाही. स्ट्रेटन यांनी ३१ डिसेंबरला सूत्रं सोडली, मार्शल लॉ लावलाच नव्हता, हेही लक्षात घ्या. परमिटची कटकट त्यानंतरही चालू राहिली, ती मात्र मला मान्य नाही.

आता असं करते, १५ मिनिटांतली ५ विमानांना, ५ नेव्हीच्या सफाईला, आणि उरलेली ५ परमिटवर, ती तुम्हीच डार्विनहून झूमवर बोला. रविवारपर्यंत हो-नाही कळवा, मग मी पत्रिका छापायला देते.