वेबपॅकबार सामाईक कॉन्फिगमध्ये ठेवावे का?

धागालेखक: वेबपॅक हे साधन संकेतस्थळाच्या अनेक फाइली एकत्र बांधते, म्हणजे बिल्ड करते. नक्स्ट या वेब-फ्रेमवर्कच्या चमूकडून आलेले वेबपॅकबार हे त्याचे प्लगिन बिल्ड चालू असताना टर्मिनलवर रंगीत पट्टी, टक्केवारी आणि हाताळली जात असलेली फाइल दाखवते, ‘प्रोफाइल’ हा पर्याय चालू केल्यास शेवटी प्रत्येक लोडरला (फाइलींचे रूपांतर करणाऱ्या घटकाला) आणि फाइलप्रकाराला लागलेल्या वेळेचा तक्ताही देते. ते सामाईक कॉन्फिगमधून (चमूतील सर्वांच्या बिल्डला लागू असलेल्या सेटिंगमधून) काढावे, असे माझे ठाम मत आहे. एखादी फाइल वाचल्यावरच तिने मागवलेल्या पुढच्या फाइली कळतात, त्यामुळे एकूण काम किती आहे हे वेबपॅकला आधी माहीतच नसते. वेबपॅकचे स्वतःचे प्रोग्रेसप्लगिन म्हणूनच किमान ५,००० मॉड्यूल (हाताळायच्या फाइली) गृहीत धरून हिशेब सुरू करते. अशा टक्केवारीवर विसंबून कोणी वेळेचा अंदाज बांधत असेल, तर त्याची दिशाभूलच होते. शिवाय पट्टी रंगवण्यालाही वेळ लागतो. २०१६ च्या सुरुवातीला एनपीएम ३ (जावास्क्रिप्टची पॅकेजे बसवणारे साधन) ची प्रगतिपट्टी बंद केल्यावर इन्स्टॉल लक्षणीयरीत्या जलद होते, हे अनेकांनी पडताळून पाहिले होते.

पहिला प्रतिसाद: मी असहमत आहे. एनपीएमचा तो दोष त्या काळच्या अंमलबजावणीचा होता, प्रगतिपट्टी या कल्पनेचा नव्हे. आणि सीआयवर (बिल्ड आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरवर) वेबपॅकबार स्वतःहूनच सजावट सोडून साध्या ओळी छापते. टक्केवारी अंदाजे आहे हे मान्य, परंतु तिच्या शेजारी टप्प्याचे नावही येते, आणि खरा उपयोग त्या नावाचा आहे. वेबपॅक ४ च्या काळात बिल्ड ९२ टक्क्यांवर, ‘चंक अ‍ॅसेट ऑप्टिमायझेशन’पाशी, अडकते ही तक्रार सर्वत्र ऐकू येत असे. ते नाव डोळ्यांसमोर होते म्हणूनच वेळ मिनिफिकेशनमध्ये (कोड आकसवण्यात) जातो हे लोकांना कळले आणि त्यांनी समांतर प्रक्रिया व कॅशे यांकडे लक्ष दिले. कोरा टर्मिनल पाहून नवा सहकारी चालू बिल्ड मध्येच बंद करतो, हे नुकसान कोणी मोजत नाही.

दुसरा प्रतिसाद: पट्टीपेक्षा तक्त्याची चिंता अधिक वाटते. वेबपॅकबार एका मागणीची (एखादी फाइल हाताळण्याच्या विनंतीची) सूचना मिळाल्यापासून पुढच्या मागणीची सूचना मिळेपर्यंतचा वेळ पहिलीच्या नावावर लिहिते. वेबपॅक मात्र एका वेळी अनेक मॉड्यूल हाताळते (मूळ मर्यादा १०० आहे), त्यामुळे बॅबेल लोडरचा (नवे जावास्क्रिप्ट जुन्या ब्राउझरांना चालेल असे बदलणाऱ्या लोडरचा) वेळ सीएसएसच्या खात्यात सहज जाऊ शकतो. त्या आकड्यांवरून कोणी लोडर बदलू नये. नेमके मोजायचे असेल, तर वेबपॅकच्याच डीबग विभागातील प्रोफायलिंगप्लगिन वापरून तयार होणारी नोंद क्रोमच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये उघडावी. कोणत्या प्लगिनचा कोणता हूक (बिल्डच्या ठरावीक टप्प्यावर चालणारा भाग) किती वेळ चालला, हे तेथे स्वतंत्रपणे दिसते.

धागालेखक: सीआयविषयीचा मुद्दा मी स्वीकारतो. टप्प्याच्या नावासाठी पट्टी विकासकाच्या यंत्रावर राहू द्यावी. प्रोफाइल मात्र रोजच्या बिल्डमध्ये नको, त्यासाठी वेगळी आज्ञा असावी.

पहिला प्रतिसाद: वेगळ्या आज्ञेला माझा विरोध नाही, परंतु तक्ता निरुपयोगी ठरवू नये. वेळेचा रकाना सैल असला, तरी शेजारच्या रकान्यात मागण्यांची संख्या असते आणि ती मोजणी समांतरतेमुळे बिघडत नाही. ‘एक्सक्लूड’ (काही फाइली लोडरमधून वगळण्याची सूचना) लिहायचे राहून गेल्यामुळे नोड मॉड्यूल्स या बाहेरच्या पॅकेजांच्या फोल्डरमधील सगळ्या फाइली बॅबेलमधून जात असतील, तर त्या एका आकड्यावरून ते लगेच लक्षात येते आणि क्रोम उघडण्याची गरजही पडत नाही.