मदत हवी आहे: केस सुटली, पण कोर्टात भरलेल्या रोख जामिनाचे पैसे परत कसे मिळतात? (नागपूर)

मंडळी, सिव्हिल लाईन्सच्या जिल्हा न्यायालयात रोख जामीन परत घेतलेलं कोणी असेल तर कृपया सांगा.

२०१७ साली मोहल्ल्यातल्या हाणामारीत धाकट्या भावाचं नाव आलं. पोलीस केस, जेएमएफसी (प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी) कोर्ट. १५ हजार रोख जामीन आमच्या मोठ्या बाबांनी (वडिलांच्या थोरल्या भावानं) भरला, त्यामुळे पावती त्यांच्याच नावाची. ते २०२१ मध्ये गेले. आता मागच्या महिन्यात भाऊ निर्दोष सुटला.

एका टेबलावर सांगतात नव्वद दिवस थांबा, दुसऱ्यावर सांगतात सहा महिने. वकीलसाहेब म्हणतात "मिळतील ना, पाहू". केस संपल्यापासून त्यांचा फोनही कमीच लागतो. शिवाय मधे एका तारखेला भाऊ गेला नव्हता, तेव्हा वॉरंट निघालं होतं. दंड भरून ते रद्द करून घेतलं. त्यामुळे पैसे जप्त झाले असतील का? आणि पावतीवरचा माणूसच नाही तर पैसे मागायचे कोणी? मूळ पावती मोठ्या आईनं जपून ठेवली आहे.

काळा_कोट:
आधी निकालपत्राची प्रमाणित प्रत काढा आणि शेवटचा आदेश वाचा. रोख रक्कम कोणाला आणि कधी परत करायची ते बहुतेक तिथंच लिहिलेलं असतं. टेबलांवर विचारत फिरू नका.

नव्वद आणि सहा, दोन्ही आकडे खरे आहेत, पण दोन वेगळ्या गोष्टींचे. निर्दोष सुटल्यावर सरकारला अपिलासाठी ९० दिवस असतात, म्हणून "अपील मुदतीनंतर परत करावी" असं लिहितात. सहा महिने सीआरपीसीच्या (फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) कलम ४३७-अ चे. वरच्या कोर्टानं बोलावलं तर हजर राहीन, असं बंधपत्र निकालाच्या वेळी घेतात, ते सहा महिने चालतं. भावानं तेव्हा नवं बंधपत्र दिलं असेल तर जुन्या रकमेला त्यासाठी अडकायचं कारण नाही. पण कोर्टानं जुनाच रोख जामीन पुढे चालू ठेवला असेल तर सहा महिने थांबावं लागेल. सीआरपीसीच्या जागी नवा कायदा (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) १ जुलै २०२४ पासून लागू झाला, पण तुमची केस त्याआधीपासून चालू होती, म्हणून जुन्या सीआरपीसीचीच कलमं सांगतो आहे.

वॉरंट निघालं म्हणजे रक्कम जप्त झाली असं होत नाही. बंधपत्र मोडल्याची नोंद कोर्टाला करावी लागते, नोटीस काढावी लागते. ई-कोर्ट्स ॲपवर त्या तारखेवर टिचकी मारा, त्या दिवशी काय झालं ते दिसेल. तिथं नसलं तर रोजनामा (केसच्या प्रत्येक तारखेची कोर्टातली नोंद) पाहा. जप्तीचा आदेश निघालाच असेल तर काही भाग माफ करायचा अधिकार कोर्टाला आहे, तसा अर्ज करता येतो.

आणखी एक विचारतो. तेव्हा तात्पुरता रोख जामीन देऊन नंतर जामीनदार उभा केला होता का? तसं असेल तर रक्कम तेव्हाच परत मागता आली असती. कदाचित मोठ्या बाबांनी उचललीही असेल.

माजी_कारकून:
पैसे भरणाऱ्याचे, आरोपीचे नव्हे. त्यामुळे भावाच्या नावानं अर्ज करून उपयोग नाही. अर्ज मोठ्या आईच्या नावानं त्याच कोर्टात द्या. सोबत मूळ पावती, निकालाची प्रत, मृत्यू दाखला, सगळ्या वारसांची संमती, आधार आणि पासबुकची झेरॉक्स. रक्कम लहान आहे, काही साहेब प्रतिज्ञापत्रावर भागवतात, काही वारसा प्रमाणपत्र मागतात. ते साहेबांवर आहे. आदेश झाला की कागद नाझर शाखेत (कोर्टातल्या पैशांचा हिशेब ठेवणाऱ्या शाखेत) जातो. तिथं पावती क्रमांक जुन्या रजिस्टरशी जुळवतात आणि खरा वेळ इथंच जातो. व्याजाची आशा धरू नका.

मुदत संपली की लगेच अर्ज टाका. रक्कम परत मिळण्याजोगी झाल्यापासून तीन पूर्ण आर्थिक वर्षं कोणी मागितली नाही तर ती शासनजमा होते. बुडत नाही, पण मग महालेखाकारांच्या मंजुरीपर्यंत कागद फिरतो.

इतवारीवाला:
भाऊ, १५ हजारासाठी वकिलाला पाच देऊन बसू नका. साधा अर्ज आहे, मोठ्या आईला घेऊन स्वतःच जा.

मूळ लेखक:
धन्यवाद भाऊ. ॲपवर पाहिलं, त्या तारखेला फक्त वॉरंट रद्द केल्याचं आहे, जप्तीचं काही नाही. जामीनदार नंतर दिला नव्हता. निकालाच्या प्रतीसाठी अर्ज टाकला आहे. एकच राहिलं. मोठ्या आईच्या दोन्ही मुली बाहेरगावी असतात. त्यांची संमती नोटरी करून मागवली तर चालेल का, की त्यांना कोर्टात आणावं लागेल?

माजी_कारकून:
नोटरी केलेली संमती आणि आधारच्या स्वसाक्षांकित प्रती जोडा. बहुतेक वेळा चालतं. दोघींचे फोन नंबर अर्जात लिहा, म्हणजे साहेबांना खात्री करायची असेल तर पुढची तारीख पडणार नाही.