विषय: मळ्यावरची हस्तकला (माती, फेव्हिकॉल, धूर)

ताई, एडिसन
मंडळी, मळ्यावरच्या भरीत पार्टीसाठी आप्पांनी केलेली कामांची यादी मिळाली. मुलांच्या खात्यात "ओल्या मातीचे बैल" आणि "फेव्हिकॉलने कापूस चिकटवणे" आहे. माझा लेक ऑटिस्टिक आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. ओली माती बोटाला लागली की तो हात सदऱ्याला घासत सुटतो, पार लाल होईपर्यंत. कापूस तर बोटांत चुरला तरी त्याच्या अंगावर शहारे येतात. त्याच्यासारखीच जळगावची ती मुलगीही यंदा येणार आहे. दुसरं काही ठरवू या का? आणि टेबल भरिताच्या जाळापासून लांब हवं.

आप्पा, अमळनेर
कुंभाराला विसार देऊन झाला आहे. मागे आपल्या याच गटावर "इंडियात आल्यावर तरी पोरांचे हात मातीत जाऊ द्या" असं लिहून आलं होतं, कोणी लिहिलं ते शोधून बघा. दोनदा हात घातला की सवय होते. आम्ही पोळ्याला नाल्यातली माती आणून बैल करायचो, कोणी हात पुसायला रुमाल दिला नाही.

वहिनी, लीड्स
आप्पा, अशी सवय होत नाही. जबरदस्ती केली की पोरगं पुढच्या वेळी टेबलाजवळही येत नाही. स्पर्श, आवाज, वास यांचा असा त्रास २०१३ पासून डीएसएम-५ मध्ये (मानसिक विकारांच्या निदानाची अमेरिकी पुस्तिका) ऑटिझमच्या निकषांतच धरला आहे, त्यामुळे लाडावलेपणाचा विषय सोडून द्या.

माती रद्द करू नका. जाड झिपच्या पिशवीत ओली माती घाला, तोंड टेपने बंद करा आणि वरून दाबू द्या. बैल करायचाच असेल तर लाटणं, लाकडी चमचा, जाड मुठीची काडी हाताशी ठेवा. शेजारी पाण्याची बादली आणि टॉवेल असू द्या. वाटलं तेव्हा हात धुता येतो हे कळलं की काही मुलं आपणहून एक बोट लावून बघतात. नाही लावलं तरी हरकत नाही. फेव्हिकॉलऐवजी कांडीचा गोंद किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप चालेल.

पण सगळ्यांना एकच नियम लावू नका. काही मुलांना उलट जोराचा दाबच हवा असतो. त्यांना घट्ट कणीक मळायला द्या.

खजिनदार
मिठाची कणीक स्वस्त पडते. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, एक वाटी पाणी. वाळवून रंगवताही येते.

वहिनी, लीड्स
नको. हाताला खरचटलं असेल तर मीठ झोंबतं, आणि सगळं तोंडात घालणारं मूल असेल तर इतकं मीठ पोटात जाणं धोक्याचं आहे. साधी गव्हाची कणीक, थोडं तेल लावून. ग्लूटेन कोणाला चालत नाही ते आधी कळवा.

जिभाऊ, न्यू जर्सी
जाळ लांब म्हणजे किती लांब? भरीत पऱ्हाटीवरच, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांवरच भाजायचं. मागे कोणीतरी गॅसवर भाजून आणलं होतं, त्याला भरीत म्हणायचं असेल तर मी येत नाही.

नानी, यावल
जिभाऊ, गॅसचं कोणी बोललंच नाही. वारा बघून चूल लावा म्हणजे झालं.

वांगी ठेचायला पोरांना बसवा की. ठेचायची लाकडी बडगी आणि मुसळ आमच्याकडे आहे. माझा नातू शांत बसत नाही, पण ठेचायला दिलं की जागचा हलत नाही. हेही हाताचंच काम आहे.

ताई, एडिसन
नानी, ठेचण्याचा आवाज त्याला सोसेल का?

वहिनी, लीड्स
स्वतः मारलेल्या मुसळाचा आवाज बहुतेक मुलांना सोसतो, पाठीमागून अचानक आलेला सोसत नाही. हेडफोन सोबत ठेवा, आणि लाऊडस्पीकर मुलांच्या बाजूला नको. बक्षीस आणि ग्रुप फोटोही नकोत. अर्धा बैल टाकून उठलं तर उठू द्या.

आप्पा, अमळनेर
लाऊडस्पीकर माझ्याकडे आहे, त्याचं मी बघतो. माती येईलच, पिशव्या तुम्ही आणा. पोरेसले काय आवडस ते त्यासलेच इचारा, म्हणजे तुमचं-आमचं दोघांचं भांडण मिटेल.

ताई, एडिसन
चालेल. एक राहिलं. माझ्या लेकाला पाणी दिसलं की तो सरळ तिकडेच जातो, हाक मारली तरी थांबत नाही. या मुलांपैकी बऱ्याच जणांचं असंच असतं. मळ्यावर विहीर आहे ना? हस्तकलेच्या टेबलापेक्षा मला तिचाच जास्त घोर आहे.

नानी, यावल
विहिरीला लोखंडी जाळी आहे. शेततळ्याला मात्र कुंपण नाही. गड्याला दिवसभर तिथेच बसवते. शिवाय आपल्यातला एक माणूस त्याच्या जोडीला हवा, आणि तो जेवायला उठला तर दुसऱ्याने जागा घ्यायची. नावं आजच द्या.

जिभाऊ, न्यू जर्सी
पहिली पाळी माझी. वांगी बामणोदहून कोण आणतंय?