मदत हवी आहे: आईच्या सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) रिपोर्टमधलं एमसीव्ही म्हणजे काय बाप्पा?

राजेहो, ग्रुपात कोणी लॅबवाले, नर्सिंगवाले असान तर सांगा नं जरा. आईले लय थकवा येऊन राहिला, महाल भागातल्या आमच्या घराचा जिना चढली की मधातच कठडा धरून बसते. तीन महिने लोहाच्या गोळ्या झाल्या, तरी हिमोग्लोबिन 10.8 वरच अडकलंय. आता रिपोर्टात लाल पेशी 56 लाख, म्हणजे कमी नाहीतच, पण एमसीव्ही 66, अन् समोर ठळक अक्षरात एल, म्हणजे कमी. एमसीव्ही म्हणजे पेशीचा सरासरी आकार, 80 ते 100 पाहिजे, इतकं समजलं. म्हणजे पेशी भरपूर पण बारक्या, असंच नं? लोह कमी असलं तर पेशींची संख्या पण कमी होते म्हणे, अन् एमसीव्हीच्या 66 ला लाल पेशींच्या 5.6 नं (56 लाख म्हणजे 5.6 दशलक्ष) भागलं तर 11.8 येते अन् 13 च्या खाली आलं की थॅलेसेमिया मायनरचा (हिमोग्लोबिन कमी बनायचा, आईबापाकडून येणारा सौम्य दोष) संशय घेतात, हे खरं काय? लॅबवाल्यानं रिपोर्ट हातात देऊन "डॉक्टरले दाखवा" म्हटलं, बस. डॉक्टर सोमवारी भेटतीन. आपल्या विदर्भात सिकलसेलचंही हायच, तोही रक्ताचा आनुवंशिक आजार, तर एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार पाहायची तपासणी) केली की दोन्ही कळते का फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) पण लागते? लहान बहिणीचं लग्न जमून राहिलं, तिची पण तपासणी आत्ताच करून घ्यावी काय?