सल्ला हवा: नुकतंच लायसन्स मिळालंय, ४ लाखांत जुनी गाडी कोणती घेऊ?

नवशिकी

नमस्कार मंडळी. वय वर्षं ४६. गेल्या महिन्यात भोसरीच्या ट्रॅकवर दुसऱ्या खेपेला पास होऊन चारचाकीचं लायसन्स हातात पडलं. (पहिल्या खेपेला रिव्हर्समध्ये काय झालं तो विषय नको.)

घर धायरीत. ऑफिसला बसनेच जाते, पुढेही बसनेच जाणार. गाडी हवी आहे ती आईसाठी. आई भोरला एकटी असते, दोन्ही गुडघे गेलेले. महिन्यातून दोनदा तिला पुण्यात डॉक्टरांकडे आणायचं आणि परत सोडायचं. म्हणजे महिन्याला ४००-५०० किलोमीटर, त्यातलं बरंचसं हायवेवर. नावावर करण्यापासून विम्यापर्यंत सगळं धरून हातात ४ लाख आहेत, कर्ज काढायचं नाही.

घरात तीन पक्ष पडलेत. नवरा म्हणतो, लाखभराची जुनी अल्टो घे, ठोकून ठोकून शीक, मग चांगली बघू. भाचा म्हणतो टियागोशिवाय दुसरी घेतलीस तर बोलणार नाही. शेजारचे काका म्हणतात डिझेल स्विफ्ट, अ‍ॅव्हरेज बघत राहशील. मला स्वतःला गाडीतलं ओ की ठो कळत नाही. काय करू?

गॅरेजचा_पोर

ताई, मॉडेल नंतर. आधी पैशाचं बोलू. ४ लाख असतील तर गाडी साडेतीन-पावणेचारचीच बघा. जुनी गाडी पहिल्या दोन महिन्यांत एकदा खिसा कापतेच. टायर, बॅटरी, ब्रेक पॅड, यातलं काहीतरी निघतं. शिवाय नवीन हात असला की क्लच प्लेट जाते. तुमच्यावर टीका नाही, वडिलांच्या गॅरेजमध्ये लहानपणापासून बघतोय. सिग्नलला हाफ क्लचवर उभं राहायची सवय सुटेस्तोवर एक प्लेट खर्ची पडते.

काकांना सांगा डिझेल नको. महिन्याला ५०० किलोमीटरवर डिझेलची जास्तीची किंमत वसूल व्हायला तुमचं लायसन्स रिन्यू करायची वेळ येईल. आणि मारुतीने डिझेल गाड्या एप्रिल २०२० मध्येच बंद केल्या, म्हणजे काका म्हणतात ती स्विफ्ट त्याच्याही आधीची असणार. त्या इंजिनात काम निघालं तर पेट्रोलसारखं हजार-पाचशेत भागत नाही.

तिरकस

मी यजमानांच्या पक्षात. पहिली गाडी ही सोसायटीच्या खांबांची असते. चार लाखांच्या गाडीला पहिल्या आठवड्यात ओरखडा गेला की माणूस वर्षभर गाडी काढत नाही, कव्हर घालून ठेवतो. माझ्या मेव्हण्याने हेच केलं.

घाटमाथा

तिरकसराव, गल्लीत शिकायचं असतं तर मान्य. पण ताई आईला घेऊन कात्रजच्या बोगद्यातून हायवेला लागणार आहेत, शेजारून कंटेनर जाणार आहेत. लाखभराच्या अल्टोत एअरबॅग नाही, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही.

ताई, एक तारीख लक्षात ठेवा. १ जुलै २०१९. तेव्हापासून तयार झालेल्या प्रत्येक कारमध्ये निदान ड्रायव्हरची एअरबॅग, सीटबेल्टची टुणटुण, वेग वाढला की वाजणारी सूचना आणि मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. एबीएस त्याच वर्षी एप्रिलपासून सक्तीचा. त्याआधीच्या गाड्यांत या गोष्टी वरच्या मॉडेलला मिळायच्या, खालच्याला नाही, आणि विकणारा तुम्हाला ते सांगणार नाही. म्हणून सरळ २०१९ च्या उत्तरार्धानंतरचीच गाडी बघा. आरसीवर बनावटीचा महिना आणि वर्ष असतं, ते वाचा. नोंदणीची तारीख नव्हे. शोरूममध्ये सहा महिने उभी राहिलेली गाडीही असते.

पुढच्या दोन्ही सीटला एअरबॅग हव्या असतील तर २०२२ किंवा पुढची बघा, पण तुमच्या पैशात पर्याय फार उरणार नाहीत.

भाच्याचा_पक्ष

ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये टियागोला २०२० मध्ये मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी ५ पैकी ४ तारे मिळाले. वॅगनआरला २०१९ मध्ये २. अजून काय बोलायचं?

गॅरेजचा_पोर

तारे मान्य. पण आईंचे गुडघे कोण बघणार? टियागोत बसायचं म्हणजे खाली वाकून आत सरकायचं, उठताना हाताला धरून ओढायचं. वॅगनआरमध्ये माणूस खुर्चीवर बसल्यासारखा बसतो, उतरताना पाय सरळ जमिनीवर. आमच्याकडे ज्येष्ठ नागरिकांच्या निम्म्या गाड्या वॅगनआर आहेत त्या उगाच नाहीत. ताई, एक करा. कुणाच्या तरी दोन्ही गाड्यांत आईंना एकदा बसवून बघा. शोरूमचा माणूस, भाचा आणि मी, आम्हा तिघांपेक्षा त्यांना जास्त कळेल.

हिशेबी

नवीनच का नाही? सप्टेंबर २०२५ मध्ये लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. लहान गाड्यांचं सुरुवातीचं मॉडेल आता तुमच्या बजेटच्या फार लांब नाही.

घाटमाथा

एक्स-शोरूम लांब नाही. रोड टॅक्स आणि विमा चढला की लांब जातं. त्यात ते एकदम खालचं मॉडेल. पण हिशेबींचा मुद्दा भाव करताना वापरा. नवीन गाडी स्वस्त झाल्यावर जुनीला मागच्या वर्षीचा भाव द्यायचं काही कारण नाही. विकणाऱ्याला हे शांतपणे ऐकवायचं आणि गप्प बसायचं.

गियरबदल

ऑटोमॅटिक का नाही सुचवलं कुणी? सिंहगड रोडचं ट्रॅफिक आठवा.

गॅरेजचा_पोर

या पैशात येईल ती एएमटी. म्हणजे गिअरबॉक्स साधाच, क्लच दाबायचं काम मोटर करते. चढावर ब्रेक सोडला की बऱ्याच गाड्या मागे सरकतात, आणि नवीन माणूस तिथेच घाबरतो. जुनी एएमटी बिघडली तर गल्लीतला मेकॅनिक हात लावत नाही, कंपनीत न्यावी लागते. ताई मॅन्युअलवर शिकल्यात, सहा महिने मॅन्युअलच चालवू दे.

नवशिकी

सगळ्यांचे आभार. आईला मैत्रिणीच्या टियागोत आणि ऑफिसमधल्या एकांच्या वॅगनआरमध्ये बसवलं. टियागोतून उतरताना म्हणाली, "गाडी छान आहे, पण मला इथेच राहू दे."

तरी तीन गाड्या बघून ठेवल्यात:

१) वॅगनआर १.० व्हीएक्सआय, ऑक्टोबर २०१९, एमएच १२, पहिला मालक, ४१ हजार किलोमीटर. मालक निवृत्त गृहस्थ, डोळ्यांच्या ऑपरेशननंतर गाडी चालवत नाहीत. मागणी ४ लाख १०.

२) टियागो, २०२०, एमएच ०९, दुसरा मालक, ३८ हजार किलोमीटर. एजंटकडे आहे, मागणी ३ लाख ६०. दिसायला अगदी नवी. (भाच्याचा हट्ट.)

३) ग्रँड आय१०, २०१७, डीएल नंबर, मागणी २ लाख ७०. एजंट म्हणतो, "एनओसी रेडी आहे, टेन्शन नाही."

घाटमाथा

तिसरी सोडा. २०१७ ची आहे हे एक. दुसरं, बाहेरच्या राज्यातली गाडी इथे आणली की पुन्हा नोंदणी, आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्याने. तिथे भरलेल्याचा परतावा मिळवायचा तर तिथल्या आरटीओशी पत्रव्यवहार. स्वस्त दिसते ती एवढ्यासाठीच. एनओसी म्हणजे फक्त "तिकडून न्यायला हरकत नाही", "इकडे झाली" असं नव्हे.

पंचगंगाकाठ

दुसऱ्या गाडीबद्दल. मी कोल्हापूरचा, आमच्या जिल्ह्याची बदनामी करायची नाही, पण एमएच ०९ आणि २०२० म्हटल्यावर विचारतोच: जुलै २०२१ च्या पुरात ती कुठे होती? त्या पुरात आमच्या गल्लीत बॉनेटपर्यंत पाणी होतं. नंतर कित्येक गाड्या धुऊन-पुसून, नवीन सीट कव्हर घालून विकल्या गेल्या. पुण्या-मुंबईला चांगला भाव येतो, तिकडे कोण विचारणार?

सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटपर्यंत. आतल्या टोकाला मातीची रेघ असली तर पाया पडा आणि निघा. बेल्टचं ते टोक कुणी धूत नाही. स्टेपनीच्या खालचा खड्डा बघा, मॅट उचलून गालिच्याखाली हात घाला, डॅशबोर्डखाली डोकं घालून वास घ्या. भरपूर अत्तर मारलेलं असलं तर ते का मारलंय हे स्वतःला विचारा. इंजिन दुरुस्त होतं हो, पण वायरिंगमध्ये शिरलेलं पाणी दोन वर्षांनी बोलतं. पावसात, रात्री, भोरच्या रस्त्यावर.

गॅरेजचा_पोर

+१. आणि वॅगनआर बघायला जाताना आधी फोन करून सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका, थंड इंजिनच बघायचंय. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा, गरम लागलं तर चहा पिऊन थांबा. स्टार्ट केल्यावर निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. सकाळी थोडी पांढरी वाफ चालते, पण इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिला तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) जळतंय.

क्लच बघायची सोपी रीत: मोकळ्या जागेत हँडब्रेक घट्ट ओढा, तिसरा गिअर टाका, हळूहळू क्लच सोडा. इंजिन धाडकन बंद पडलं तर क्लच ठीक. घरघरत चालूच राहिलं तर प्लेट संपलीय.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी कितीही शिल्लक असो, सहा वर्षांचं रबर पावसात धरत नाही.

४१ हजार खरे का, तेही बघा. मालकांना म्हणावं सर्व्हिस सेंटरमधून गाडीच्या नंबरवर जुनी नोंद काढून द्या, प्रत्येक सर्व्हिसचं मीटर रीडिंग त्यात असतं. प्रामाणिक माणूस कुरकुर न करता देतो. शेवटी ओळखीचा मेकॅनिक न्या, त्याला पाचशे-हजार द्या. भाच्याला नेऊ नका, तो टियागोच बघेल.

कागदवाली

मी कागदांचंच बोलते, बाकी तुम्हा लोकांना येतं. सरकारच्या एम-परिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून मालक कितवा, विमा कधीपर्यंत, बँकेचा बोजा आहे का ते आधीच बघून घ्या. बोजा असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि नमुना ३५ (बोजा उतरवायचा अर्ज) मिळेपर्यंत विसारापलीकडे एक रुपया देऊ नका. ई-चलनं थकलेली असतील तर मालकालाच भरायला लावा. नमुना २९ आणि ३० (गाडी नावावर करायचे अर्ज) वर सह्या पैसे देतानाच घ्या, "नंतर पाठवतो" चालणार नाही.

गाडी ताब्यात घेतल्याची चिठ्ठी करा, तारखेबरोबर वेळही लिहा. सकाळी अकराला त्यांनी सिग्नल तोडला आणि दुपारी एकला तुम्ही गाडी घेतली, तर चलन कुणाचं हे त्या चिठ्ठीवरून ठरतं.

विमा १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करून घ्या. आणि मालकांचा नो-क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. एजंट "५० टक्के बोनस चालू आहे" म्हणेल, ते ऐकून सोडून द्या. एक बारीक फायदा: १००० सीसीच्या आतल्या गाडीचा सक्तीचा थर्ड पार्टी हप्ता जून २०२२ च्या दरपत्रकात २,०९४ रुपये आहे, १००० ते १५०० सीसीच्या गाडीला ३,४१६. वॅगनआर १.० आत बसते, टियागो नाही.

बोनेटउघडा

ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचं कुणीच बोललं नाही?

घाटमाथा

त्याचा वेगळा धागा आहे, तिथे अडीचशे प्रतिसाद झालेत, कृपा करा.

नवशिकी

तीन आठवड्यांनी येतेय, क्षमस्व.

टियागो बघायला गेले. बेल्ट ओढला. मागच्या डाव्या सीटचा बेल्ट शेवटी अडकत होता, जोर लावल्यावर विटकरी रंगाचा हातभर पट्टा बाहेर आला. एजंट म्हणाला, "लहान मुलांनी चॉकलेट सांडलं असेल." पंचगंगाकाठ, तुम्ही भेटलात तर मिसळ माझ्याकडून. भाचा तेव्हापासून गप्प आहे.

वॅगनआर घेतली. मेकॅनिकने दीड तास घालवला. क्लच ठीक, डावा मागचा दरवाजा एकदा रंगवलेला (मालकांनी विचारायच्या आधीच सांगितलं होतं), आणि चारही टायरवर ३५१९. म्हणजे कंपनीतून आले तेच. सर्व्हिसची नोंद त्यांनी फाईल करून ठेवली होती, पंचिंग मशीनने भोकं पाडून. टायर आणि जीएसटी, दोन्ही मुद्दे मांडले आणि घाटमाथांनी सांगितल्याप्रमाणे गप्प बसले. फार अवघड गेलं. मालकीणबाईंनी पोहे आणले, तेही गप्पच खाल्ले. ३ लाख ६८ हजारांवर आले. टायरचे साडेसोळा हजार, विमा, नावावर करायचा खर्च, सगळं धरून चारच्या आत बसलं.

काल पहिल्यांदा आईला आणलं. बोगद्याच्या आत हात घामेजले, ७० च्या पुढे गेले नाही, मागून सगळ्यांनी हॉर्न मारले. आई पूर्ण वेळ रामरक्षा म्हणत होती, पण उतरताना कुणाचा हात लागला नाही.

आता एकच प्रश्न. पार्किंगमध्ये रिव्हर्स घेताना मागून सेन्सर ओरडतात आणि बाहेरून नवरा "ये ये ये" ओरडतो. दोन्ही एकदम ऐकून मला काहीच सुचत नाही. सेन्सर बंद करता येतात का?

तिरकस

सेन्सर राहू द्या. यजमानांना बंद करा.